जवळचा रांजण

'सुधारणा' हा शब्द कानावर पडला की मला आजही घसा खाकरावासा वाटतो. सभेत कोणी उभं राहून सांगायला लागलं, की कामात वाया काय जातं ते शोधा, हातपाय उगाच हलवू नका, तर मी पदर सावरून पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर पडते. लोकांना वाटतं म्हातारीला उकडतंय. उकडत नसतं, किळस आलेली असते. ही किळस मी अकोल्याच्या एका जिनिंगमधून घेऊन आले आणि इतक्या वर्षांत ती जराही शिळी झालेली नाही.

साठ सालानंतरचे काही हंगाम मी आणि आई त्या जिनिंगमध्ये कामाला होतो. मी तेव्हा विशीच्या आतबाहेर होते. सातवी पास झाले होते आणि मास्तरीण व्हायचं मनात होतं, पण तोवर घरी बसून खाण्यासारखी आमची परिस्थिती नव्हती. दिवाळी झाली की तेल्हाऱ्याकडून कापसानं भरलेल्या बैलबंड्या यायला लागत आणि फाटकापाशी रांग लावून उभ्या राहत. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्राला आम्ही रेचा म्हणायचो. लांबलचक टिनाच्या शेडमध्ये रेच्यांच्या दोन रांगा आणि प्रत्येक रेच्यापुढे एक बाई. हातानं कापूस सारायचा आणि सारतच राहायचा. एकीकडे रुई पडे, खाली सरकी पडे, आणि जे यातही नाही नि त्यातही नाही ते सगळं हवेत उडून आमच्या नाकातोंडात जाई. संध्याकाळी बाहेर पडलो की आमच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असत.

त्यावर एकच औषध होतं, गूळ. दुपारी मुकादम परातीत ढेप फोडून आणायचा आणि एकेकीला खडा देत जायचा. बाकीच्यांच्या हातावर ठेवायचा, आमच्या हातावर टाकायचा. तो खडा गालात धरला की घशाला चिकटलेली रुई सुटते म्हणत. खरं-खोटं मला माहीत नाही, पण ज्या दिवशी ढेप संपलेली असे त्या दिवशी सगळी शेड खोकायची. आणि गूळ खाल्ला की पाणी लागतंच.

पाण्याचे रांजण दोन होते. एक शेडच्या दारातच, कडुनिंबाखाली, वर पितळी झाकण असलेला. दुसरा अंगण ओलांडून, सरकीच्या ढिगापलीकडे, फाटकाजवळ उन्हात. तो आमचा होता. आम्ही म्हणजे बौद्ध. शेडमधल्या निम्म्या बाया आमच्यातल्या होत्या, आणि त्या निम्म्या बाया दारातला गार रांजण ओलांडून रोज उन्हातलं कोमट पाणी प्यायला जायच्या.

दीक्षा घेतली त्या वर्षी आईनं घरातले देव नदीत सोडले आणि एक गोष्ट स्वतःपुरती ठरवली. वरून ओतलेलं पाणी प्यायचं नाही. तिचं लहानपण विहिरीपाशी ताटकळण्यात गेलं होतं. कोणाला दया आली तर तो उंचावरून धार सोडायचा आणि या खाली ओंजळ धरून बसायच्या. अर्धं पाणी कोपरावरून लुगड्यावर गळायचं. "तसं पाणी मी लय पेली," ती म्हणायची, "आता मरून जाईन, पन तसं नाई पेत." फाटकाजवळचा रांजण तिला चालायचा, कारण तिथे ती स्वतः लोटा बुडवायची. मी कुरकुर केली की म्हणे, "दूर हाय तं असू दे. हात तं आपला हाय नं!"

आईच्या शेजारच्या रेच्यावर कुणब्याची एक बाई बसायची. कितीतरी हंगाम त्या दोघी शेजारी होत्या. आई तिला बाई म्हणे, ती आईला माय म्हणे. रेच्यांच्या गोंगाटात ऐकू काही येत नसे, पण एकमेकींचे ओठ पाहून त्या दिवसभर बोलायच्या. सून कशी आहे, म्हैस व्याली का, सगळं. एकीला उठावं लागलं तर दुसरी तिचाही कापूस सारायची. मला ती बाई आवडायची, हे इथेच सांगून टाकते.

मग घड्याळवाला आला. शेटजींच्या अमरावतीच्या साडूनं आपल्या जिनिंगमध्ये मुंबईचा एक साहेब आणून काम म्हणे निम्म्या वेळात करून घेतलं होतं. साडूनं आणला म्हटल्यावर आमच्या शेटजींना तो आणणं भागच होतं. पांढरी पँट, वाटोळा चष्मा आणि गळ्यात दोरीला बांधलेलं घड्याळ. बटण दाबलं की काटा धावायचा, पुन्हा दाबलं की थांबायचा. तो स्टूल घेऊन आमच्यासमोर बसायचा आणि आमचे हात मोजायचा. पहिल्या दिवशी एका म्हातारीनं त्याला विचारलं, "साहेब, याच्यात माह्या सासूचं आयुष्य किती राह्यलं ते दिसते का?" सगळी शेड हसली. तोही हसला आणि हसण्यात गेलेला वेळ त्यानं टिपून ठेवला.

माणूस तसा वाईट नव्हता. आम्हाला ताई म्हणायचा, तुम्ही म्हणायचा. त्या जिनिंगमध्ये आम्हाला तुम्ही म्हणणारा तो पहिलाच. त्याचं म्हणणं एवढंच, की कोणत्याही कामात निम्मं काम नसतंच, उठणं, बसणं, शोधणं, थांबणं असतं. ते वाया. ते काढून टाकलं की उरतं ते खरं काम. ऐकायला बरं वाटायचं. पण वाया काय ते ठरवायला घड्याळ फक्त शेडमध्येच फिरलं. पेढीवर शेटजी जेवण झाल्यावर लोडाला टेकून घोरायचे आणि दोन कारकून ते उठायची वाट पाहत माशा मारायचे. तिकडे ते घड्याळ एकदाही गेलं नाही.

सगळ्यात आधी गूळ वाया ठरला. परात फिरेपर्यंत हात थांबतात म्हणे. दारापाशी उभं राहून मोकळा श्वास घेणं वाया ठरलं. शेटजी एकदम खुलले. वर्षानुवर्षं जे द्यायला जिवावर येत होतं ते न देण्याला आता शास्त्राचं नाव मिळालं होतं. मुकादमानं परात उपडी करून भिंतीला लावून ठेवली आणि शेड खोकायला लागली. दुसऱ्या दिवशी आईच्या शेजारणीनं ओच्यातून घरचा गुळाचा खडा काढला, दातांनी नव्हे, रेच्याच्या लोखंडावर आपटून फोडला आणि अर्धा आईच्या तळहातावर ठेवला. ठेवला, टाकला नाही. मग ती रोजच आणायला लागली.

पुढचा प्रकार दोऱ्यांचा. साहेबानं एका लाकडी फळीवर शेडचा आणि अंगणाचा नकाशा काढला. रेचे, दार, रांजण, फाटक, सगळ्यांच्या जागी खिळे ठोकले. दिवसभर कोण कुठून कुठे चाललं ते पाहायचं आणि संध्याकाळी त्याच वाटेनं खिळ्यांना दोरा गुंडाळायचा. जवळ जाणाऱ्या बाईचा दोरा पिवळा, लांब जाणारीचा लाल. आठवडाभरात ती फळी तयार झाली आणि सगळ्यांना दिसावी म्हणून शेडच्या दाराशी टांगली. शेजारच्या बाईचा दोरा पिवळा होता, आईचा लाल. माझा लाल. आमच्या एकेकीचा लाल. शेटजींच्या जिनिंगमधली जातवार मांडणी इतकी स्वच्छ तोवर कोणी करून दाखवली नव्हती. मुकादमानं लगेच निरोप फिरवला, की लाल दोरेवाल्यांचे पाय आखूड झाले नाहीत तर त्यांचे रेचे जातील.

साहेब आईच्या रेच्यापाशी आला. "ताई, दारातलं पाणी सोडून तुम्ही इतक्या लांब का जाता?" त्यानं खरंच विचारलं. मुंबईत वाढला म्हणून एवढंही कळू नये, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आताही पटत नाही. मुकादम टिनाकडे पाहू लागला. शेजारची बाई खाली मान घालून कापूस सारत राहिली. आईनं हात थांबवला नाही. म्हणाली, "शेटजीले इचारा नं बापा."

शेटजी मागेच उभे होते, तोंडात पान. ते हसून म्हणाले, "त्यांना तिकडचं पाणी आवडतं."

साहेबानं मान डोलावली आणि तसं लिहून घेतलं. शेटजींच्या ओठातून पानाचा लाल ओघळ हनुवटीवर आला होता आणि ते तो धोतराच्या सोग्यानं पुसत होते. इतकं सहज खोटं बोलणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

साहेबानं तोडगा काढला. कोणी पाण्याला जायचंच नाही, पाणीच बाईपाशी येईल. त्याच्या डोक्यात ते किती साधं असेल ते मी समजू शकते. पण तोडगा त्याचा, अंमल शेटजींचा. फाटकाजवळचा आमचा रांजण उचलला गेला. बादली घेऊन फिरणारी एक बाई नेमली. ती बाकीच्यांना लोटा भरून हातात द्यायची. आमच्यापाशी आली की दोन पावलं मागे सरायची, लोटा उंच धरायची आणि म्हणायची, "धरा ओंजळ." ज्या धारेखालून आई एवढी वर्षं चालत बाहेर आली होती, ती धार शेटजींनी सुधारणा म्हणून रेच्यापर्यंत आणून दिली. फळीवरचे लाल दोरे एका दिवसात उतरले. साहेबाला आनंद झाला. शेटजींनी साडूला फोन केला म्हणे.

आमच्यातल्या काहीजणींनी ओंजळ धरली. त्यांना मी बोल लावत नाही, घशात रुई असली की माणूस काहीही धरतो. आईनं नाही धरली. "तहान नाई मले," ती म्हणाली. घरून पाणी न्यायची सोय नव्हती, कापूस भिजेल म्हणून रेच्यापाशी भांडं ठेवायला बंदी होती. सकाळी घरी पोटभर पाणी पिऊन निघायची, ते संध्याकाळी घरी येऊनच. मधला सगळा दिवस रुई गिळत. रात्री तिचा आवाज घोगरा व्हायचा. मी म्हटलं, "आई, हे काम सोडून दे." ती म्हणाली, "मी काहून सोडू? रेचा मी चालवते. सोडाचं तं त्यानं सोडावं." बाप नव्हता, माझं शिक्षण व्हायचं होतं, आणि हंगामात दुसरं कोणतंच काम तेवढं देत नव्हतं, हे तिनं बोलून दाखवलं नाही.

आठवडा असा गेला असेल. एके दुपारी, बादलीवाली आमच्या रांगेत यायच्या आधी, आई उठली. शेजारणीला खूण केली, माझा कापूस पाहा. सरळ दाराकडे गेली. कडुनिंबाखालच्या रांजणाचं पितळी झाकण काढलं, लोटा बुडवला आणि उभ्यानंच प्यायली. घाई केली नाही. दुसरा लोटा भरला, तोही प्यायली. मग झाकण नीट ठेवून परत येऊन बसली.

मुकादम ओरडत धावला. ओरड ऐकून पेढीवरून शेटजी आले, आणि त्यांच्यासोबत घड्याळवाला साहेब. आता आईचा रेचा गेला, असं समजून मी उठून उभी राहिले. माझ्या मागे एकेक करून आमच्या बाया उठल्या. रेचे रिकामे फिरायला लागले. फाटकाबाहेर बंड्यांची रांग लागलेली होती आणि शेटजींचं लक्ष तिकडे गेलेलं मी पाहिलं. तेवढ्यात साहेब टाळी वाजवून म्हणाला, "पाहिलंत? या ताईंना पद्धत समजली. सगळ्यात जवळचं पाणी!"

अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झालेला होता, बाहेरचा शिकलेला माणूस समोर होता, आणि त्याला खरं कारण आपल्या तोंडानं सांगायची शेटजींना लाज वाटत होती. करायची लाज नव्हती, सांगायची होती. "हो हो," ते म्हणाले आणि परत फिरले.

संध्याकाळी मुकादमानं तो रांजण फोडला. आम्ही फाटकातून बाहेर पडत होतो, दगडाचा आवाज ऐकला. ज्या शेटजींनी गुळाचा खडा वाया म्हणून बंद केला, त्यांनीच पाणी भरलेला धडधाकट रांजण फोडायला लावला. खापरं कडुनिंबाच्या मुळाशी पडली होती आणि पाणी अंगणभर पसरलं होतं. आई थांबली, पाहिलं आणि चालायला लागली. मला म्हणाली, "नवा आनतीन. उद्या त्याच्यातलं पेईन."

नवा आणला. ती प्यायली. तोही फोडला. मग आमच्यातल्या आणखी दोघी-तिघी तिच्यासोबत उठल्या. असे काही रांजण फुटले. कुंभार खूष होता, गाढवावर लादून हसत हसत यायचा. शेवटी शेटजींनीच फोडणं थांबवलं. मन बदललं म्हणून नव्हे. साहेबानं त्यांना वाया पाहायची सवय लावली होती आणि रांजणांचा चुराडा त्यांना बघवेना. बादलीवालीही बंद झाली. त्या माणसाला त्याच्या धर्मानं नाही, माणुसकीनं नाही, चिक्कूपणानं वळवलं, आणि आम्हाला प्यायला पाणी मिळालं. मी ते पाणी प्यायले. गार होतं. पण जिंकल्यासारखं काही वाटलं नाही, तोंड धुवावंसं वाटलं.

आता पुढचं. आम्ही कडुनिंबाखाली प्यायला लागलो तशा बाकीच्या बाया तिथे यायच्या बंद झाल्या. त्यांनी मुकादमाला सांगून दुसरा रांजण मांडून घेतला. कुठे, तर फाटकाजवळ, उन्हात, जिथे आमचा होता तिथेच. जागा गोमूत्र शिंपडून घेतली. आणि मग त्या बाया, ज्यांचे दोरे पिवळे होते, दारातलं गार पाणी ओलांडून सरकीच्या ढिगापलीकडे कोमट पाणी प्यायला जायला लागल्या. हंगामाच्या मध्यावर साहेब पुन्हा आला. त्यानं पुन्हा खिळे तपासले, पुन्हा दोरे गुंडाळले. लाल दोरे पहिल्याइतकेच निघाले, फक्त बाया बदलल्या होत्या. तो बराच वेळ फळीपुढे डोकं खाजवत उभा होता. शेटजींना त्यानं विचारलं, या ताई आता तिकडे का जातात?

"त्यांना तिकडचं पाणी आवडतं," शेटजी म्हणाले. अगदी तसंच, पान चघळत.

इथवर जे झालं त्याची मला किळस आहे, पण ती किळस सोपी आहे. शेटजीसारख्या माणसाकडून दुसरं काय यायचं! पुढचं आठवलं की काय वाटतं त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही.

आईची शेजारीणही फाटकाकडे जायला लागली होती. घरच्यांच्या धाकानं जात असेल, असं आई मला समजावायची. गूळ तर ती आणतच होती. अर्धा तिचा, अर्धा आईचा, पहिल्यासारखाच. उन्हं तापायला लागली होती. एका दुपारी तिला असा ठसका लागला की थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चेहरा काळानिळा झाला. आई धावत दारापर्यंत गेली, लोटा भरून आणला आणि तिच्यापुढे धरला. "पे बाई. पे लवकर."

तिनं लोट्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. खोकत खोकतच उठली, एका हातानं छाती धरली आणि आईच्या बाजूनं निघून गेली. मी दारातून पाहत होते. अर्ध्या अंगणात तिला सरकीच्या ढिगाला टेकावं लागलं. पुन्हा उठली आणि फाटकाच्या रांजणापर्यंत गेली.

आईनं ते पाणी कडुनिंबाच्या मुळाशी ओतलं आणि येऊन रेच्यावर बसली. रांजण फुटले तेव्हा न हललेली माझी आई त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाईनं नेहमीसारखा ओच्यातून खडा काढला, लोखंडावर आपटून फोडला आणि वर न पाहता अर्धा आईपुढे धरला. आईनं हात पुढे केला नाही.

"आधी माह्या हातचं पानी पे," आई म्हणाली, "मंग खाते तुह्या हातचा गूळ."

रेचे चालू होते, पण ती बाई आईचे ओठ वाचायला शिकलेली होती. तिला कळलं. तळहात थोडा वेळ तसाच राहिला, त्यावरच्या गुळावर रुई बसत गेली. मग तिनं तो मागे घेतला आणि उरलेला अर्धाही तोंडात न टाकता दोन्ही तुकडे ओच्यात बांधले.

त्यानंतर तिनं गूळ आणलाच नाही, स्वतःपुरतासुद्धा नाही. होळीला हंगाम संपेपर्यंत त्या दोघी शेजारी शेजारी बसून खोकत राहिल्या.